रस्त्यांची वर्गवारी वारंवार बिघडते तेव्हा : ओपनस्ट्रीटमॅपवरील पुण्यासाठी तपासणीचा क्रम

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कोणालाही दुरुस्त करता येणारा जगाचा नकाशा आहे. पुण्यात त्यावर काम करणाऱ्यांकडे वर्षभर सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या रस्त्यांच्या वर्गवारीच्या. नकाशावरील प्रत्येक रस्त्याला ‘हायवे’ या टॅगखाली (टॅग म्हणजे नकाशावरील वस्तूला जोडलेली माहितीची नोंद) एक वर्ग द्यावा लागतो : मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, अनक्लासिफाइड, रेसिडेन्शियल, सर्व्हिस असा साधारण उतरता क्रम आहे. वर्ग एकदा ठरवला म्हणजे विषय संपला असे मात्र होत नाही. कोणी तो एका पायरीने वर नेतो, दुसरा खाली आणतो, तिसरा अर्ध्याच भागाचा बदलतो, आणि काही महिन्यांनी तोच रस्ता पुन्हा दुरुस्तीला येतो. अशा दुरुस्त्या करताना जो क्रम उपयोगी पडला तो येथे मांडला आहे. घरबसल्या, पैसे न खर्चता होणाऱ्या तपासण्या आधी दिल्या आहेत आणि रस्त्यावर उतरून करायच्या नंतर, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच निकाली निघतात.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे मार्ग दाखवणारे ॲप मोठा रस्ता सोडून मोटारीला गल्लीत घालते. शिवाजी रस्ता समोर सरळ असताना बुधवार पेठेतल्या बोळातून वळण सुचवले जाते, किंवा कर्वे रस्त्यावरून लॉ कॉलेज रस्त्याला लागायचे असताना मधल्या सोसायट्यांतून जाणारी वाट पुढे केली जाते.

दुसरे लक्षण नकाशा लहान करून पाहिला की दिसते. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावरील नेहमीच्या शैलीत प्रायमरी रस्ता फिकट नारिंगी, सेकंडरी पिवळा आणि टर्शरी पांढरा रंगतो. सिंहगड रस्त्यासारखा एकसलग रस्ता दांडेकर पुलापासून धायरीकडे जाताना मध्येच पिवळा, मध्येच पांढरा होत असेल, किंवा उड्डाणपुलाचा तुकडा वेगळ्याच रंगात दिसत असेल, तर तेथे वर्गाची साखळी तुटलेली आहे असे समजावे.

याखेरीज जोडीने चालणाऱ्या दोन एकेरी रस्त्यांचे रंग वेगळे असणे, उपनगरातला नवा, रुंद आणि जवळपास रिकामा रस्ता जुन्या गजबजलेल्या रस्त्यापेक्षा मोठा दिसणे, आणि एखाद्या रस्त्याच्या इतिहासात तोच टॅग पुढे-मागे होत राहणे ही लक्षणेही लक्षात ठेवावीत. यांतले शेवटचे सर्वांत गंभीर आहे, कारण तेथे बिघाड रस्त्याच्या माहितीत नसून संपादकांच्या मतभेदात असतो.

एका पायरीने किती फरक पडतो

वर्ग म्हणजे केवळ रंग, तेव्हा एक पायरी इकडे-तिकडे झाली तर काय बिघडले, असे नव्या संपादकांना वाटते. हिशेब करून पाहिला की हा समज टिकत नाही. ओएसआरएम या मार्ग काढणाऱ्या प्रणालीच्या मूळ मोटार-प्रोफाइलमध्ये रस्त्यावर वेगमर्यादेचा टॅग नसेल तर वेग वर्गावरून गृहीत धरला जातो : प्रायमरीला ताशी ६५ किलोमीटर, सेकंडरीला ५५, टर्शरीला ४०, रेसिडेन्शियल व अनक्लासिफाइडला २५, सर्व्हिसला १५. आता समजा, मुख्य रस्त्याने १.४ किलोमीटर अंतर आहे आणि तो सेकंडरी आहे. त्याला सुमारे ९२ सेकंद लागतील असे यंत्र धरते. मधल्या वस्तीतून तेच टोक १ किलोमीटरवर आहे. वस्तीतला रस्ता रेसिडेन्शियल असेल तर १४४ सेकंद होतात आणि यंत्र मोटारीला मुख्य रस्त्यावरच ठेवते. त्याच रस्त्याला कोणी टर्शरी केले की हिशेब ९० सेकंदांवर येतो, म्हणजे मुख्य रस्त्यापेक्षा दोन सेकंद कमी, आणि त्या दिवसापासून मार्ग त्या वस्तीतून जाऊ लागतो. वळणांचा आणि सिग्नलचा हिशेब वेगळा धरला जातो, परंतु तराजू कलायला एवढेही पुरते. ज्या घरांसमोर मुले खेळतात तेथून अनोळखी मोटारी धावणार की नाही हे एका टॅगवर ठरू शकते, म्हणून ही तपासणी मनापासून करण्यासारखी आहे.

पहिली तपासणी : चूक माहितीत आहे की समोरच्या चित्रात

या तपासणीला काही मिनिटे लागतात. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मँडसारख्या ॲपमध्ये नकाशा फोनवर उतरवून ठेवलेला असतो, आणि तो अद्ययावत केला नसेल तर महिन्यांपूर्वीची स्थिती दिसत राहते. ब्राउझरमध्येही जुनी चित्रे साठून राहतात. म्हणून चित्रावर विसंबू नये. संकेतस्थळावर प्रश्नचिन्हाचे साधन निवडून रस्त्यावर टिचकी द्यावी आणि त्या तुकड्याचे टॅग प्रत्यक्ष वाचावेत. टॅग बरोबर असतील तर दुरुस्तीची गरज नाही. तक्रार करणाऱ्याला नकाशा ताजा करायला सांगणे पुरेसे असते. मार्ग काढणाऱ्या सेवाही बदल लगेच उचलत नाहीत, त्यामुळे काल केलेल्या दुरुस्तीचा परिणाम आज दिसला नाही म्हणून टॅग पुन्हा बदलण्याची घाई करू नये.

दुसरी तपासणी : दोष खरोखर वर्गाचाच आहे का

वर्गवारीच्या म्हणून आलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त दोष येथे सापडतात, म्हणून या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. ॲप मोठा रस्ता टाळते त्याचे कारण बहुधा असे असते की तो रस्ता यंत्राच्या दृष्टीने तुटलेला असतो. दोन रेषा नकाशावर एकमेकींना टेकलेल्या दिसतात, परंतु त्यांचा नोड, म्हणजे जोडबिंदू, एकच नसतो; डोळ्यांना चौक दिसतो आणि यंत्राला भिंत. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा पूर्ण मोठा करून चौकातला बिंदू निवडावा आणि तो दोन्ही रस्त्यांत सामील आहे याची खात्री करावी. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता मात्र एकाच नोडवर जोडलेले नसावेत. तेथे पुलाचा आणि स्तराचा टॅग हवा.

त्यानंतर एकेरी वाहतुकीची दिशा पाहावी. बाजीराव रस्त्यावर वाहतूक स्वारगेटच्या बाजूने शनिवारवाड्याकडे जाते आणि शिवाजी रस्त्यावर उलट, स्वारगेटकडे येते. यांतल्या एखाद्या लहानशा तुकड्याची दिशा उलटी पडली तर यंत्र संपूर्ण रस्ता सोडून पेठेतल्या गल्ल्यांतून वाट काढते, आणि तक्रार येते ती मात्र ‘गल्लीचा वर्ग चुकला आहे’ अशी. गल्लीचा वर्ग खाली आणून या दोषावर पांघरूण घातले तर खरी चूक तशीच राहते आणि वर एका चुकीची भर पडते.

तिसरी गोष्ट वळणबंदीची. चौकात उजवे वळण बंद असल्याचे रिलेशन (अनेक रेषा व बिंदू एकत्र बांधणारी नोंद) कोणी केले असेल आणि पुढे चौकाची रचना बदलली असेल, तर ते रिलेशन जुनेच राहते. पुण्यात हे वारंवार घडते. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला, चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडून २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. अशा ठिकाणी रेषा नव्या आणि वळणांचे नियम जुने अशी सरमिसळ होण्याचा धोका असतो. प्रवेशाचे टॅगही येथेच पाहावेत. सोसायटीच्या फाटकाआतला रस्ता सर्व्हिस वर्गाचा आणि खासगी प्रवेशाचा असायला हवा. त्यावर खासगी प्रवेशाचा टॅग नसेल तर यंत्र त्याला सार्वजनिक वाट समजते.

बीआरटीची, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली, मार्गिका हेही याच तपासणीतले प्रकरण आहे. सातारा रस्त्यावर मधली बसमार्गिका स्वतंत्र रेषेने काढलेली असेल तर तिला ‘बसवे’ हा वर्ग द्यावा. तिला शेजारच्या रस्त्याचाच वर्ग दिला तर मोटारींना बसमार्गिकेतून जाण्याची सूचना मिळते, आणि ती सूचना धोक्याची आहे.

तिसरी तपासणी : इतिहास वाचणे

रस्त्याच्या तुकड्याचा इतिहास उघडून वर्ग कधी, कोणी आणि कोणते कारण देऊन बदलला हे वाचावे. चेंजसेटवरची, म्हणजे एकदम वर चढवलेल्या बदलांच्या संचावरची, टिप्पणी बहुतेक वेळा सगळे सांगून जाते. ‘प्रत्यक्ष पाहणीवरून’ असे लिहिलेल्या बदलाचे वजन ‘उपग्रहचित्रात रुंद दिसतो’ या बदलापेक्षा जास्त धरावे. दूरच्या शहरात बसून पगारी काम करणाऱ्या चमूने एका दिवसात शेकडो रस्ते बदललेले असतील, तर त्यांना पुण्याची माहिती असण्याची शक्यता कमी असते. परंतु म्हणून ते बदल सरसकट उलटवू नयेत, त्यांना आधी विचारावे. संघटित संपादनासाठी ओपनस्ट्रीटमॅपची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे त्यात अपेक्षित आहे.

दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या नकाशावर रस्ता पिवळा दिसतो म्हणून इकडे वर्ग वाढवला, असे कारण दिलेले आढळले तर तो बदल वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे, आणि परवानगी नसलेल्या नकाशावरून उचललेली माहिती तिच्यात चालत नाही, ती बरोबर असली तरीही.

चौथी तपासणी : साखळी अखंड आहे का

वर्ग तुकड्याचा ठरवायचा नसतो, प्रवाहाचा ठरवायचा असतो. रस्त्याला पूल, उड्डाणपूल, दुभाजक, वेगमर्यादा यांमुळे अनेक तुकडे पडतात आणि वर्ग बदलणारा माणूस त्यांतले दोन-चार विसरतो. ओव्हरपास टर्बो या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती शोधून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर एका वर्गाचे सर्व रस्ते काढून पाहिले की अशा फटी लगेच नजरेत भरतात : सेकंडरीची रेषा चालत येते, मध्ये तुटते आणि पुढच्या चौकापासून पुन्हा सुरू होते.

नळ स्टॉप चौकाचे उदाहरण घ्यावे. कर्वे रस्त्यावर तेथे २०२२ मध्ये दुमजली पूल झाला, वर मेट्रो आणि तिच्याखाली वाहनांचा उड्डाणपूल. उड्डाणपुलावरून जाणारी वाहतूक कर्वे रस्त्याचीच आहे, म्हणून पुलाला कर्वे रस्त्याचा वर्ग द्यायचा. खालचा रस्ताही कर्वे रस्ताच आहे, लॉ कॉलेज रस्त्याकडे वळणारी वाहतूक त्याच्यावरूनच जाते, म्हणून पूल झाला या कारणाने खालच्या रस्त्याला एक पायरी उतरवणे योग्य नाही. दोन्ही बाजूंचे चढ-उतार हे स्वतंत्र वळणमार्ग नसून मुख्य रस्त्याचा भाग आहेत, त्यामुळे तेथे लिंक (जोडमार्गाचा) वर्ग लावण्याचे कारण उरत नाही. चांदणी चौकात मात्र एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणारे खरेखुरे वळणमार्ग आहेत; त्यांना लिंक वर्ग द्यावा, आणि जोडलेल्या दोन रस्त्यांपैकी ज्याचा वर्ग वरचा त्या वर्गाची लिंक धरावी.

एकेरी जोड्याही याच नियमात बसतात. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन कॉलेज रस्ता हे डेक्कन आणि शिवाजीनगर यांच्यातील एकाच प्रवाहाचे येणे आणि जाणे आहेत. एकाला सेकंडरी आणि दुसऱ्याला टर्शरी दिले तर शहर जाताना एक आणि येताना दुसरे असे दिसू लागते.

पाचवी तपासणी : सरकारी क्रमांक आणि त्याची मर्यादा

भारतातील नकाशाकारांत सर्वसाधारण पद्धत अशी आहे की राष्ट्रीय महामार्ग ट्रंक, राज्य मार्ग प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी आणि इतर जिल्हा मार्ग टर्शरी. ही सुरुवातीची पायरी म्हणून चांगली आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग मोटरवे आहे, कारण त्यावर प्रवेश ठरावीक ठिकाणांहूनच मिळतो आणि दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मनाई आहे. वारजे, बाणेर, वाकड या बाजूने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कितीही रुंद असला तरी मोटरवे नाही. त्यावर दुचाकीही चालतात आणि कडेच्या रस्त्यांवरून जागोजागी शिरता येते.

क्रमांक तपासताना जुने आणि नवे यांत गोंधळ होतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले गेले. मुंबई–पुणे–बेंगळुरू हा ४ क्रमांकाचा महामार्ग आपल्याकडे ४८ झाला, सोलापूरकडे जाणारा ९ क्रमांकाचा ६५ झाला आणि पुणे–नाशिक ५० होता तो ६० झाला. दुकानांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या बोलण्यात जुने क्रमांक अजून आहेत, म्हणून पाटीवरून क्रमांक घेताना ती सरकारी पाटी आहे ना हे पाहावे. कडेचा किलोमीटरचा दगड चांगला साक्षीदार असतो : माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता.

तरीही क्रमांकावर थांबता येत नाही. क्रमांकाची जागा ‘रेफ’ या वेगळ्या टॅगमध्ये आहे, ‘हायवे’ टॅगमध्ये रस्त्याचे काम सांगायचे असते. दापोडी, पिंपरी, चिंचवड, निगडी या मार्गे जाणारा जुना मुंबई–पुणे रस्ता घ्या. लांबची वाहतूक बाह्यवळणाने आणि द्रुतगती मार्गाने जाऊ लागली तरी दोन शहरांना जोडणारा तो आजही मुख्य रस्ता आहे. माझ्या मते तो प्रायमरीच्या खाली जाता कामा नये. उलट, कात्रजचा जुना घाट एके काळी साताऱ्याचा रस्ता होता, परंतु लांबची वाहतूक आता नव्या बोगद्याने जाते; जुन्या स्मृतीसाठी त्याला महामार्गाचा वर्ग देणे योग्य नाही. आणि शहराच्या आत सिंहगड रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता यांचे महत्त्व कोणत्याही महामार्ग-क्रमांकावर अवलंबून नाही. तेथे वर्ग कामावरूनच ठरवावा लागतो, आणि त्यासाठी पुढची तपासणी आहे.

सहावी तपासणी : रस्त्यावर उभे राहून पाहणे

ही सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत विश्वासार्ह तपासणी आहे. पुण्यात स्वतः जाऊन पाहणे शक्य आहे, दूरच्या संपादकाला ते शक्य नाही. आपल्या मताला वजन येते ते त्यामुळेच. एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा दुपारी जावे, कारण सकाळी दहाला तुंबलेली प्रत्येक गल्ली मोठा रस्ता वाटते.

मी स्वतःला विचारतो तो प्रश्न असा : हा रस्ता महिनाभर बंद झाला तर कोणाची अडचण होईल? केवळ त्यावर राहणाऱ्यांची होणार असेल तर तो रेसिडेन्शियल. आजूबाजूच्या दोन-तीन वस्त्यांची होणार असेल तर टर्शरी. शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्यांना फेरा पडणार असेल तर सेकंडरी, आणि त्या बाजूचे शहरच अडणार असेल तर प्रायमरी. या कसोटीवर प्रभात रस्ता टर्शरी ठरतो आणि त्याला लागून असलेल्या क्रमांकाच्या गल्ल्या रेसिडेन्शियल, जरी त्यांतल्या काही गल्ल्यांतून जाणकार मंडळी लॉ कॉलेज रस्त्याची गर्दी चुकवत असली तरी. चुकवण्याची वाट म्हणून वापर होणे हे वर्ग वाढवण्याचे कारण नाही.

चौकात उभे राहिल्यावर काही खुणा हिशेबात घ्याव्यात. लहान चौकात कोण थांबून कोणाला वाट देते. एका टोकाला शिरलेली वाहने दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात की मध्येच विरून जातात. पीएमपीची बस जाते का. सिग्नलवर त्या रस्त्याला स्वतंत्र वेळ दिलेला आहे का. आणि वरच्या हिरव्या फलकावर त्या दिशेला शेजारच्या वस्तीचे नाव आहे की दूरच्या गावाचे. बसची खूण उपयोगी असली तरी एकटी पुरेशी नाही, कारण पेठांत आणि जुन्या गावठाणांत बस अरुंद रस्त्यांनीही जाते.

रुंदी, डांबर की काँक्रीट, खड्डे, दुकानांची संख्या यांवरून वर्ग ठरवू नये. मार्गिकांची संख्या, पृष्ठभाग, रुंदी यांना स्वतंत्र टॅग आहेत आणि ते भरले तर मार्ग काढणाऱ्या यंत्राला त्यांचा उपयोग होतो. लक्ष्मी रस्ता अरुंद आहे, गर्दीचा आहे, गणेश विसर्जनाच्या दिवशी वाहनांना बंद असतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही शहरातल्या त्याच्या कामावर त्यांचा परिणाम होत नाही. भिडे पुलाचेही तसेच. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो म्हणून काही जण त्याचा वर्ग उतरवतात. पूर येतो ही माहिती पुराच्या टॅगमध्ये द्यावी; एरवी तो डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडण्याचे काम करतो, आणि वर्ग त्या कामाचा द्यावा.

नेहमी अडणारी काही ठिकाणे

विकास आराखड्यातले रस्ते हा पुण्याचा खास प्रश्न आहे. आराखड्यात रस्ता आखलेला असतो, मध्ये एक तुकडा डांबरी होतो, पुढे एखादी भिंत किंवा शेत येते आणि रस्ता संपतो. आखणी २४ किंवा ३० मीटरची आहे म्हणून त्या तुकड्याला सेकंडरी करणे चूक आहे. आज जो भाग दोन ठिकाणांना जोडत नाही, तो आजूबाजूच्या इमारतींपुरता रेसिडेन्शियल आहे. काम प्रत्यक्ष सुरू असेल तर ‘कन्स्ट्रक्शन’ वर्ग लावून भावी वर्ग वेगळ्या टॅगमध्ये लिहावा. केवळ कागदावर असलेला रस्ता नकाशावर काढूच नये, असे माझे ठाम मत आहे. प्रस्तावित वर्तुळाकार मार्गांच्या रेषा अंदाजाने ओढल्या की वर्षानुवर्षे त्या दुरुस्त करत बसावे लागते.

महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांकडे वेगळे लक्ष द्यावे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, वाघोली अशा ठिकाणचे कित्येक रस्ते पूर्वी गावाला गावाशी जोडणारे होते आणि त्या वेळी दिलेला अनक्लासिफाइड हा वर्ग बरोबर होता. (अनक्लासिफाइड म्हणजे वर्ग न ठरलेला रस्ता असे समजून अनेक जण तो घाईने बदलतात, तो लहान जोडरस्त्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. वर्ग खरोखर माहीत नसेल तर ‘रोड’ हे मूल्य वापरतात.) आता त्यांच्या दुतर्फा गृहसंकुले उभी आहेत आणि त्यांतले काही रस्ते अख्ख्या उपनगराची वाहतूक वाहतात. तेथे वर्ग वाढवणे आवश्यक आहे, परंतु एकेक रस्ता पाहून.

महामार्गालगतचे सेवा रस्ते सगळीकडे सर्व्हिस वर्गात टाकलेले आढळतात. सर्व्हिस हा वर्ग सोसायटीच्या आतल्या, वाहनतळातल्या, मागच्या बाजूच्या वाटांसाठी आहे. बाणेर ते वारजे पट्ट्यातला सेवा रस्ता दिवसभर सार्वजनिक वाहतूक वाहतो, म्हणून त्याला त्याच्या कामाप्रमाणे टर्शरी किंवा अनक्लासिफाइड द्यावे. पेठांतले बोळ याच्या उलट आहेत : जेथून दुचाकी जाते पण मोटार जात नाही, तेथे सर्व्हिस वर्गाबरोबर बोळाचा उपप्रकार आणि मोटारीला मनाई किंवा कमाल रुंदी हे टॅग द्यावेत. मोटारी थांबवण्यासाठी वर्ग खाली ढकलण्यापेक्षा हा उपाय खरा आहे आणि टिकतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

आपला बदल कोणी उलटवला आणि आपण तो पुन्हा केला, तोही उलटवला गेला, तर तेथे हात थांबवावा. चेंजसेटखाली कारण विचारावे, उत्तरासाठी पुरेसे दिवस द्यावेत, आणि उत्तर पटले नाही तर विषय भारतीय नकाशाकारांच्या सामूहिक चर्चेत न्यावा. चर्चेनंतरही टॅग पुढे-मागे होत राहिला तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुपला कळवावे. वाद मिटवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही.

एका फटक्यात बऱ्याच रस्त्यांचा वर्ग बदलावासा वाटला, जसे की समाविष्ट गावांतले सगळे टर्शरी एकदम सेकंडरी करावेत, तर संपादनाचे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच थांबावे. असा घाऊक बदल आधी चर्चा न करता केला तर स्वयंचलित संपादनाच्या नियमांनुसार तो उलटवला जाऊ शकतो, आणि बरोबर असलेला भागही त्याबरोबर जातो. तसेच एखादा तुकडा कापताना महामार्गाचे किंवा बसमार्गाचे रिलेशन तुटत असल्याची सूचना जोसम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आली आणि तिचा अर्थ नीट कळला नाही, तर बदल वर चढवू नये. रिलेशन हाताळण्याचा सराव असलेल्या अनुभवी संपादकाला तो भाग दाखवावा. तुटलेले रिलेशन जोडायला तुकडा कापण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

पुणे आणि खडकी छावणीतील लष्करी भाग, लोहगावचा हवाई दलाचा परिसर आणि खडकवासल्याजवळील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथे पाहणीसाठी फिरू नये आणि छायाचित्रे काढू नयेत. तेथील प्रवेशबंदी हीच नोंदवण्याची माहिती आहे आणि ती फाटकाबाहेरच्या पाटीवरून मिळते.

गल्लीतून मोटारी जातात म्हणून वर्ग उतरवा, असा आग्रह रहिवासी धरतात, आणि दुकानासमोरचा रस्ता मोठा दाखवा असे दुकानदार सांगतात. वर्ग दोघांच्याही सोयीने बदलू नये. रहिवाशांचा त्रास खरा असेल तर त्यावर उपाय एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना मनाई किंवा गतिरोधक हा आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी वाहतूक शाखेकडे आणि तिसऱ्यासाठी महापालिकेच्या पथ विभागाकडे अर्ज करायला त्यांना सांगावे. तो नियम रस्त्यावर आला आणि पाटी लागली की नकाशावर त्याच दिवशी नोंदवता येतो.

चर्चेत किंवा डेटा वर्किंग ग्रुपकडे विषय नेताना रस्त्याच्या तुकड्यांचे दुवे, इतिहासातील वादग्रस्त बदलांचे क्रमांक, स्वतः काढलेली दिशाफलकांची किंवा किलोमीटरच्या दगडांची तारखेसह छायाचित्रे आणि आपण सुचवत असलेला वर्ग व त्याचे कारण एवढे द्यावे. समोरच्या संपादकाच्या हेतूबद्दल काही लिहू नये. निर्णय येईपर्यंत त्या रस्त्याचा टॅग आहे तसाच राहू द्यावा आणि तोवर त्याच रस्त्याचे पृष्ठभाग, मार्गिका आणि वेगमर्यादा यांचे राहिलेले टॅग भरून घ्यावेत.